दाराएवढं फुलपाखरू

मी फुलपाखरं सांगते. म्हणजे फुलपाखराच्या पंखावर काय काय आहे ते तोंडाने सांगते आणि दुसरं कोणीतरी ते ऐकून चित्र काढतं. असंही काम असतं हे मला स्वतःलाच फार उशिरा कळलं, तेव्हा तुम्हाला माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

तोरणमाळला तलावाच्या वाटेवर आमची चहा-भज्यांची टपरी आहे. घरचे, म्हणजे माझे मालक, शहादा ते तोरणमाळ जीप चालवतात, टपरी मी बघते. भजी बांधायला शहाद्याहून रद्दी येते, तिच्यात जुने दिवाळी अंक असतात. गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचत बसते. कोणी वकील, कोणी पोस्टमास्तर, कोणी नर्सबाई आपापल्या कामातल्या गमती लिहितात. वाचता वाचता वाटलं, आपणही लिहून बघावं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे. शिवाय मला चारचौघांत बोलायला जमत नाही. गिऱ्हाईकाला 'साखर कमी का?' एवढं विचारतानाही मी पातेल्याकडे बघते. कागद काही आपल्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहायला सोपं जातं.

कामाची सुरुवात भांडी घासण्यापासून झाली. टपरीमागे मी भांडी घासते तिथे जमीन कायम ओली असते. खरकटं, मीठ, राख, सगळं त्या मातीत. तिथे ऊन चढलं की लहान लहान निळी फुलपाखरं येऊन बसतात आणि माती चोखतात. पुण्याहून कॉलेजातल्या एक मॅडम फुलपाखरं बघायला यायच्या. जाळीत धरायची परवानगी नव्हती, नुसतं बघायचं. एकदा चहा पिता पिता त्या माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्या पंखावर काय काय दिसतं तुम्हाला?"

मी कढई घासत घासत, वर न बघता, दिसलं ते सांगितलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि दुसऱ्या फुलपाखराबद्दल तेच विचारलं. असं करत करत ते कामच होऊन गेलं.

आता हे काम काय असतं ते सांगते. निळ्या फुलपाखराचा निळा रंग असतो पंखाच्या वरच्या बाजूला. उडताना तो चमकतो, बघणारा म्हणतो, आहाहा. पण त्या आहाहाचा उपयोग काही नाही, कारण वरून बहुतेक सगळी सारखीच निळी. त्यातही माद्या पुष्कळदा तपकिरी, निळा हात नुसता पुसल्यासारखा. खरी ओळख असते पंखाच्या खालच्या बाजूला. फुलपाखरू बसलं की पंख मिटतं, तेव्हा ती बाजू दिसते. तिथे रेघा, पट्टे, ठिपके, ठिपक्याभोवती पांढरी कडी. कोणता पट्टा सलग आहे, कोणता मधेच तुटला, तुटला तर पुढचा तुकडा वर सरकला की खाली, हे सगळं बघावं लागतं. मागच्या पंखाच्या टोकाला केसाएवढी शेपटी असते आणि तिच्या शेजारी काळी टिकली. टिकलीत हिरवट चमकीचा कण. बसल्यावर फुलपाखरू ते मागचे पंख वरखाली घासत राहतं, त्यामुळे शेपटी मिशीसारखी हलते आणि टिकली डोळ्यासारखी दिसते. पक्ष्याला वाटतं डोकं इकडे आहे. तो तिथे चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी फुलपाखरं मागून फाटकी. अशा वेळी आज एकाचा पुढचा पंख बघायचा, उद्या दुसऱ्याचा मागचा, आणि मनात दोन्ही जोडायचे. गोधडीच करायची म्हणा ना.

सांगायचं तेही रीतीने. पंख अंगाला जिथे चिकटतो तिथून सुरुवात, मग कडेपर्यंत. आधी पुढचा पंख, मग मागचा. मधेच उडी मारायची नाही, नाहीतर ऐकणारा हरवतो.

आणि ऐकणारे होते पेंटर नाना.

मॅडमनी ठरवलं की तलावाच्या वाटेवर चार बोर्ड लावायचे, येणाऱ्या लोकांना इथली निळी फुलपाखरं ओळखू यावीत म्हणून. पट्टेवालं, हरभऱ्यावरचं, लिंबावरचं आणि गवतातलं, अशी चार. वनखात्याच्या साहेबांनी परवानगी दिली, पत्रे दिले. रंगवायला मॅडमनी शहाद्याचे नाना शोधून काढले. एके काळी शहाद्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. बसस्टँडसमोरचं कापसाचं दुकान, केळीवाल्यांची वखार, ट्रकांच्या मागची फुलं, सगळं नानांचं. मग फ्लेक्स आला. लोकांनी पाट्या काढल्या नाहीत, त्यांच्यावरच फ्लेक्स ताणून खिळे ठोकले. नाना त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "मन्हं अक्षर आजबी तठेच शे, फक्त त्याले गोधडी पांघराई दिन्ही."

नाना कधी तोरणमाळला आले नव्हते. घाटाची त्यांना फार भीती. फोन त्यांचा बटणांचा, त्यात फोटो दिसत नाही. मॅडमनी फोटो छापून पाठवले तर छापणाऱ्याने निळ्याचं जांभळं करून टाकलं. नाना वैतागले. "ते फोटो ठेवा तुम्ही. कोनी नीट सांगनारं शे का तठे?"

असं ते काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे रेंज येते ती तलावाच्या वरच्या अंगाला एका खडकावरच. मी आधी मातीत बसलेलं फुलपाखरू बघून घ्यायची, पाठ करायची, खडकावर जाऊन फोन लावायची. समोर माणूस नसला की मला बोलता येतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नाना, फार चांगलं दिसतं हो."

"चांगलं शे आसं माले सांगू नको," नाना ओरडले. "चांगला रंग कोनता डबामा भेटस? पट्टा सांग."

"पट्टा काळपट. चुलीवरच्या तव्याच्या मागच्या बाजूसारखा नाही, नवीन काजळासारखाही नाही. धुऊन धुऊन विटलेल्या काळ्या लुगड्यासारखा."

"हां! आते कशी बोलनी! पुढे?"

पुढे मग आमचं जमलंच. ते टोमणे मारायचे, मी सांगायची. हरभऱ्यावरच्याच्या टिकलीला नारिंगी टोपी आहे म्हटलं तर म्हणाले, "लगनले निंघनी का काय?" मी कधी फोनवर हसले नव्हते, नानांमुळे हसायला लागले. घरचे म्हणायचे, खडकावर एकटीच हसत बसतेस, लोक काय म्हणतील.

पहिला बोर्ड जीपच्या टपावरून आला तेव्हा मात्र मॅडमनी डोक्याला हात लावला. नानांनी प्रत्येक ठिपक्याला खाली सावली दिली होती, दुकानाच्या पाटीवरच्या अक्षराला देतात तशी. ठिपके पंखावर ठेवलेल्या गोट्यांसारखे दिसत होते. परत पाठवला. नाना रागावले, "सावली नही त्या अक्षरले वजन नही," पण सावल्या पुसल्या. हळूहळू चारही बोर्ड आले आणि बसले. मधोमध फुलपाखरू, एकेक पंख चांगला दाराच्या फळीएवढा. वर मॅडमनी दिलेला मजकूर, कोणत्या झाडावर अंडी घालतं वगैरे. डाव्या कोपऱ्यात साहेबांची 'कचरा टाकू नये' ही सूचना, जिच्या खालीच लोक कचरा टाकतात. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, तिरप्या लाल अक्षरांत 'पेंटर नाना, शहादा'.

बोर्ड दिसायला असे सुरेख की लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढायला लागले. आणि मग वर बघायला लागले.

ते मला आधी समजलंच नाही. सुरतेकडचं एक कुटुंब टपरीवर आलं, सगळ्यांच्या माना वर. एक काका मान चोळत म्हणाले, "बेन, वो बोर्डवाली तितली किधर बैठती है? ऊपर के झाड पे?" मला काही बोलवेना, मी जमिनीकडे हात केला. त्यांना वाटलं, मी त्यांना बाकड्यावर बसायला सांगते आहे. ते बसले आणि भजी मागवली. दुसऱ्या दिवशी एक जण दुर्बीण घेऊन सकाळपासून मोहाच्या झाडाखाली उभा. संध्याकाळी चहा पिताना मला ऐकू येईल असं मित्राला म्हणाला, "सगळं खोटं. इतकं मोठं फुलपाखरू इथे नाहीच." त्याच्या बुटावर त्याच वेळी गवतातलं एक बसलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोर्डावर कुठेच लिहिलं नव्हतं की हे फुलपाखरू नखाएवढं असतं. मॅडमना ते इतकं माहीत होतं की लिहावंसं वाटलं नाही. मी रंग सांगितला, रेघ सांगितली, टिकलीतला चमकीचा कण सांगितला, पण केवढं ते सांगितलं नाही, कारण मला ते रोज दिसत होतं. आणि नानांनी विचारलं नाही. पाटीचं माप पत्र्यावरून ठरतं, एवढंच त्यांना ठाऊक.

लोकांनी तक्रारी केल्या. साहेब स्वतः आले, चारही बोर्ड बघितले आणि मॅडमना फोनवर म्हणाले, "लोकांची दिशाभूल होते आहे. हे काढून फ्लेक्स लावू. फोटो, माप, सगळं व्यवस्थित छापून. पुढच्या रविवारी माणसं घेऊन येतो." फोन संपला तसे ते घरच्यांना म्हणाले, "पत्रे चांगले आहेत. तुमच्या बकऱ्यांच्या गोठ्याला होतील."

मी खडकावर गेले आणि नानांना सगळं सांगितलं. पलीकडे ब्रश डब्यात आपटल्याचा आवाज झाला. मला वाटलं फोन पडला.

"नाना?"

"ऐकी ऱ्हायनू." मग म्हणाले, "शहादामा मन्हा हातनं आते उघडं काहीच ऱ्हायनं नही. हाई चार बोर्डच शेत." आणि लगेच, "मी येस."

घाटाला घाबरणारा माणूस, पण आले. घरच्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, डोळ्यांवर रुमाल बांधून. घरचे सांगतात, शेवटच्या वळणानंतर त्यांनी दोनदा म्हटलं, "नाना, डोया उघडा, घाट सरना." नाना म्हणाले, "खोटं बोली ऱ्हायना तू," आणि टपरीच्या दारापर्यंत रुमाल काढला नाही.

मी चहा ठेवला आणि आत जाऊन बसले. ज्या माणसाशी खडकावरून इतकं बोलले, त्याच्यासमोर यायचीच मला लाज वाटली. नाना उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल. बाहेरून म्हणाले, "फोनवर तं तुन्हं तोंड बंद व्हत नही. आते काय चहामा जीभ भाजी गयी का व माय?" मला आणखीच लाज वाटली.

शेवटी घरचे त्यांना टपरीमागे घेऊन आले. मी ओल्या मातीकडे बोट केलं. नानांची नजर माझ्या बोटाच्या रेषेत पार पलीकडच्या मोहापर्यंत गेली.

"कोठे शे?"

"खाली," मी कसंबसं म्हटलं.

"खाले काय? खाले तं चिखल शे."

तेवढ्यात पट्टेवालं एक उडालं, निळं लकाकलं आणि परत बसलं. नाना वाकले. आणखी वाकले. हात गुडघ्यांवर टेकून बराच वेळ तसेच राहिले.

"हाई?"

"हां."

"हाई तं शहादामा मन्हा चहाना कपवर बठस! रोज हाकलस मी हिले!" ते सरळ झाले. "आनि मी हिले दाराइतली काढी! तू माले सांगं का नही व?"

"तुम्ही इचारं नही, नाना."

मला वाटलं आता हसतील. पण ते हसले नाहीत. चालत पहिल्या बोर्डापाशी गेले आणि त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले. घरच्यांनी मला खुणेने विचारलं, परत नेऊ का? मी नको म्हणून मान हलवली. आम्ही दोघं उगाच इकडे तिकडे करत राहिलो. मग नानांनी हाक मारली, "सुमन, घरमा बकरी शे ना? तिन्हा कानना केस आन."

माझ्याकडून केस घेऊन त्यांनी बांबूच्या काडीला दोऱ्याने बांधले, ओले करून टोक काढलं. "मन्हा सगळ्यास्मा बारीक ब्रशबी त्या पाखरूपेक्षा मोठा शे," म्हणाले. खरं पाखरू जितकं असतं तितकंच बोर्डावर काढायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळेल, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कुठे काढायचं? वर मजकूर, डावीकडे साहेबांची सूचना, ती पुसली तर साहेब आपल्याला पुसतील. मधे दाराएवढं पाखरू. मोकळी जागा कुठेच नव्हती. नानांनी रॉकेलच्या फडक्याने खालचा उजवा कोपरा पुसला. लाल अक्षरं आधी पसरली, मग गेली. मी "अहो" म्हणेपर्यंत 'शहादा' गेलं होतं.

"आते सांग," ते म्हणाले. "कोठून सुरू करू?"

मला सांगता येईना. ते समोर, डोळे माझ्यावर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नाना म्हणाले, "दम धर, मी डोया मिटस," पण मिटलेल्या डोळ्यांसमोरही मला जमेना. शेवटी मी बोर्डाच्या मागे गेले. दोघांच्या मधे पत्रा आला आणि आवाज आपोआप फुटला.

"कितलं?" नानांनी विचारलं. या वेळी विचारलं.

मी पत्र्याच्या कडेने हात बाहेर काढला आणि अंगठा त्या कोपऱ्यात टेकवला. नानांनी माझ्या नखाभोवती पेन्सिल फिरवली.

मग मी मुळापासून कडेपर्यंत सांगत गेले. पाटी रंगवणारा माणूस खांद्यातून हात फिरवतो. नखाएवढ्या जागेत खांद्याचं काय काम? पहिला पट्टा बाहेर गेला. फडक्याने पुसला. दुसऱ्यांदा ठिपका पसरला. "हळू सांग, व माय, हाई काय जीप शे का?" मी हळू सांगितलं. ते श्वास धरायचे तेव्हा पलीकडून अगदी शांत व्हायचं, आणि श्वास सोडला की मला कळायचं, रेघ बसली. पट्टेवाल्याला सगळी सकाळ गेली. गवतातलं तर माझ्या करंगळीच्या नखाएवढं, त्याच्या ठिपक्यांसाठी नानांनी बकरीचा एकच केस ठेवला. हे दोन दिवस चाललं; घरच्यांनी दोन्ही दिवस टपरीवर भजी तळली, ती करपली, गिऱ्हाइकांनी तरी खाल्ली. मला वाटतं लोक भज्यांसाठी थांबतच नव्हते. बोर्डामागून बाई बोलते आणि पुढून म्हातारा शिव्या देतो, हे बघायला थांबत होते.

चारही कोपरे झाले. चारही बोर्डांवरचं नाव गेलं.

रविवारी साहेब आले. जीपमध्ये गुंडाळलेले फ्लेक्स, हातोडी, दोन माणसं. मी नेहमीप्रमाणे आत. नाना बाकड्यावर, चहा पुढ्यात, जणू त्यांचा या बोर्डांशी संबंधच नाही. साहेबांनी लांबूनच म्हटलं, "अजून काढले नाहीत?" मग जवळ गेले. त्यांना कोपऱ्यात काहीतरी चिकटलेलं दिसलं. उडवायला त्यांनी बोट लावलं. उडालं नाही. ते वाकले. वाकूनही नीट दिसेना म्हणून पँट वर ओढून उकिडवे बसले. आणि एकदा माणूस गवताच्या उंचीला आला की काय व्हायचं ते झालं. त्यांच्या गुडघ्यासमोर गवताच्या काडीवर खरं पट्टेवालं बसलं होतं, मागचे पंख घासत. साहेबांनी एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा काडीकडे. परत बोर्डाकडे.

"हे एवढंसं असतं?" त्यांनी कोणालाच न विचारता विचारलं.

माणसं हातोडी घेऊन उभी होती. साहेब बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा म्हणाले, "राहू द्या," आणि चहा सांगितला. साखर कमी का, ते मी विचारलं नाही. घालायची तेवढी घातली.

पुढे मॅडमनी मला पुण्याला बोलावलं, मोठ्या हॉलमध्ये लोकांसमोर या कामाबद्दल सांगायला. मी गेले नाही. गेले असते तर काय झालं असतं, असं अजून कधी कधी भांडी घासताना मनात येतं. मॅडमनी नंतर नानांना विचारलं होतं, बोर्डाच्या मागच्या बाजूला तरी तुमचं नाव लिहू या का? नाना नको म्हणाले. मला ते बरोबर वाटलं नाही. मी खडकावर जाऊन त्यांना फोन केला आणि जरा रागानेच म्हटलं, एवढं काम केलंत, नाव असायला पाहिजे होतं तुमचं.

"तठे आते लोके काय करतस?" त्यांनी विचारलं.

खडकावरून वाट दिसत होती. मी दिसलं ते सांगितलं. एक बाई बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी गुडघे टेकून बसली आहे. तिचा नवरा ओणवा. त्यांच्या मागे दोघं आपली पाळी यायची वाट बघत आहेत.

नाना पलीकडे हसले. म्हणाले, "मग बरं शे ना व. मन्हं नाव इतलं वाकीसन कोनी कधी देखं नव्हतं."